मटिल्डाने जमीन नक्की दिली कोणाला?

२४ जुलै १११५ ला उत्तर इटलीत, पो नदीच्या खोऱ्यातल्या बोंदेनो दी रोनकोरे नावाच्या गावात सत्तरीला टेकलेली एक बाई बऱ्याच आजारपणानंतर वारली. नवरा नाही, पोटचं मूल नाही, भाऊ-बहीण कधीच गेलेले. आणि मागे काय ठेवलं, तर टस्कनीपासून डोंगर ओलांडून पार मांतुआपर्यंत पसरलेल्या गढ्या, गावं, जंगलं, नदीवरचे घाट, जकाती, शिवाय आल्प्सच्या पलीकडे लोरेनमध्ये आईकडून आलेली इस्टेट ती वेगळीच. ही कानोसा घराण्याची मटिल्डा. हिच्या जमिनीवरून पोप आणि सम्राट यांच्यात जे भांडण लागलं ते कागदोपत्री मिटायला १२१३ साल उजाडलं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं.

मटिल्डाचं नाव कोणी ऐकलं असेल तर एकाच प्रसंगामुळे ऐकलेलं असतं. जानेवारी १०७७, कडाक्याची थंडी, पोपने धर्मबाहेर टाकलेला जर्मनीचा राजा हेन्री चौथा (पोपने मुकुट घातला की हाच राजा सम्राट म्हणवला जायचा) माफी मागायला तिच्या कानोसाच्या किल्ल्याच्या दारात तीन दिवस उभा, वगैरे. तो प्रसंग आहेच भारी, पण त्यात मटिल्डा बॅकग्राउंडला जाते आणि पोप नि राजाच दिसत राहतात. तिचा खरा खेळ जमिनीचा होता. ती जमीन तिला मिळाली कशी, हातात टिकली कशी आणि शेवटी तिने ती दिली कोणाला, हे समजून घ्यायचं तर आधी त्या काळात "माझी जमीन" म्हणजे काय ते बघावं लागेल, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

तर तिच्याकडे जमीन तीन प्रकारची होती. पहिली घराण्याची खाजगी, बापजाद्यांनी विकत घेतलेली, हुंड्यात आलेली, मिळेल तशी जमवलेली. हिला त्या काळात अ‍ॅलॉड म्हणायचे. हिच्यासाठी कोणाची चाकरी करायची नाही, ती विका, दान करा, मुलांना द्या, मालकाची मर्जी. दुसरी म्हणजे हुद्द्याबरोबर आलेली. मटिल्डाचे वडील बोनिफेस टस्कनीचे मार्ग्रेव्ह होते, म्हणजे सरहद्दीचे सुभेदार म्हणा. हा हुद्दा १०२७ च्या सुमारास राजा कॉनराड दुसरा याने दिला आणि हुद्द्याबरोबर त्या प्रदेशातल्या सरकारी जमिनी, कोर्टाचे दंड, टोल, सगळं आलं. आता सरकारी क्वार्टरमध्ये तीन पिढ्या राहिल्या, मागे खोल्या वाढवल्या, अंगणात आंबा लावला, तर चौथ्या पिढीला ते घर आपलंच वाटणार ना? पण ऑर्डर निघाली की खाली करावं लागतं. इथे अगदी तेच होतं, फक्त ऑर्डर काढणारा राजा आल्प्सच्या पलीकडे जर्मनीत बसलेला आणि खाली करायला लावायचं तर फौज घेऊन डोंगर उतरून यावं लागणार.

तिसरा प्रकार सगळ्यात गंमतीशीर. चर्च आणि मठांच्या जमिनी, ज्या या घराण्याने भाडेपट्ट्याने घेतल्या होत्या. पट्टा कधी पिढ्यान्‌पिढ्यांचा, भाडं नाममात्र, आणि मठाच्या महंताची काय टाप की बोनिफेससारख्या माणसाला जमीन परत मागेल. त्यामुळे कागदावर मालक चर्च आणि ताबा कायमचा कानोसावाल्यांचा.

हे तीन प्रकार सांगताना वेगळे वाटतात पण जमिनीवर ते एकमेकांत पूर्ण मिसळले होते. एकाच गावात गढी अ‍ॅलॉडची, बाजूचं जंगल हुद्द्याचं, गिरणी बिशपकडून पट्ट्यावर, असं. वसूल करणारा कारभारी एकच, धान्य साठवायचं कोठार एकच. शंभर-दीडशे वर्षं हे असं चाललं की घरातल्यांनाही धड सांगता आलं नसतं. मटिल्डाचे पणजोबा आदालबेर्टो आत्तो यांनी कानोसाचा किल्ला बांधला, ते लोम्बार्ड वंशाचे, दहाव्या शतकात एका संकटात सापडलेल्या राणीला आसरा दिला म्हणून जर्मन राजाची मर्जी बसली आणि रेज्जो, मोदेना, मांतुआ या भागांचा अधिकार मिळाला. आजोबा तेदाल्दो यांनी १००७ मध्ये पोलिरोनेचा मठ काढला. वडिलांनी टस्कनी जोडली. प्रत्येक पिढीने आपापली भर घातली आणि हिशोब वेगळा ठेवायची गरज कोणालाच वाटली नाही, कारण वारस मुलगा होता आणि सगळं एकदमच त्याच्याकडे जाणार होतं.

१०५२ मध्ये बोनिफेसचा शिकारीत खून झाला. मटिल्डा तेव्हा सहा वर्षांच्या आसपासची, तीन भावंडांत धाकटी. बहीण गेली, मग भाऊ फ्रेडरिक, जो खरा वारस, तोही लहानपणीच गेला, आणि राहिली ही एकटी. आई बेआत्रिचे लोरेनच्या बड्या घराण्यातली, अतिशय हुशार बाई. तिने ओळखलं की विधवा आणि एक लहान मुलगी एवढ्याच्या जिवावर हे टिकणार नाही, म्हणून १०५४ मध्ये तिने लोरेनच्या गॉडफ्रीशी लग्न केलं. याला दाढीवाला गॉडफ्री म्हणत. आणि हा नेमका सम्राट हेन्री तिसऱ्याशी बंड केलेला माणूस! सम्राटाला न विचारता त्याच्या शत्रूशी लग्न म्हणजे उघड आव्हान झालं, तो १०५५ मध्ये इटलीत उतरला आणि आई-मुलीला पकडून जर्मनीला घेऊन गेला. नशीब असं की पुढच्याच वर्षी सम्राट मेला, गादीवर जेमतेम सहाव्या वर्षातला पोरगा बसला (हाच पुढे कानोसाच्या दारात उभा राहणारा हेन्री चौथा) आणि या दोघी सुटून घरी आल्या. यात आणखी एक धागा, बेआत्रिचेची आई आणि हेन्री तिसऱ्याची आई सख्ख्या बहिणी. म्हणजे मटिल्डा आणि हेन्री चौथा नात्याने दूरचे भाऊ-बहीण. पुढे वारसाहक्काच्या भांडणात हे नातं कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

मटिल्डाचं लग्न लावलं ते सावत्र बापाच्या मुलाशी. नाव पुन्हा गॉडफ्री, याला कुबडा गॉडफ्री म्हणत. हिशोब सरळ होता, लोरेन आणि टस्कनी एकाच घरात राहतील. १०६९ मध्ये दाढीवाला वारला, त्याच सुमारास हे लग्न झालं, मटिल्डा लोरेनला गेली, तिला मुलगी झाली, आजीचंच नाव ठेवलं, बेआत्रिचे, आणि ती तान्हेपणीच गेली. ऑगस्ट १०७१ मध्ये आजीने अ‍ॅपेनाइन्सच्या डोंगरात फ्रासिनोरोला एका मठासाठी जमिनी दिल्या, त्या दानपत्रात गेलेल्या नातीच्या आत्म्यासाठी असं लिहिलंय. त्या बाळाबद्दल आपल्याला जे कळतं ते एवढ्या कागदामुळेच, म्हणजे जमिनीच्या कागदामुळेच. १०७२ च्या सुरुवातीला मटिल्डा नवऱ्याला सोडून इटलीत आईकडे परत आली आणि नवऱ्याने समजूत काढूनही गेली नाही ती नाहीच.

इथून पुढची चार वर्षं आई आणि मुलगी एकत्र कारभार बघतात. कारभार म्हणजे महालात बसून सही करणं नव्हे, त्या सतत फिरत असायच्या, गावोगाव कोर्ट भरवायच्या. जमिनीचा वाद असला की दोन्ही बाजू समोर, आजूबाजूला न्यायाधीश, वकील, साक्षीदार, आणि मधे अध्यक्ष म्हणून ही बाई किंवा तिचा नेमलेला माणूस. मार्च १०७६ चा एक खटला कायद्याच्या इतिहासात फार प्रसिद्ध आहे, मार्तुरी इथला, टस्कनीतल्या आजच्या पोजिबोन्सीजवळ. बेआत्रिचेचा प्रतिनिधी नोर्दिलो अध्यक्ष होता. सान मिकेले मठ म्हणतोय ही जमीन आमची, समोर फ्लॉरेन्सचा सिजिझोने म्हणतोय चाळीस वर्षांच्या वर ताबा आमच्याकडे आहे, मुदत संपली, आता मागता येणार नाही. मठाचं म्हणणं, अहो आम्ही सारखी तक्रार करत होतो, ऐकायला न्यायाधीशच मिळाला नाही. आणि मग मठाच्या वकिलाने काढला सम्राट जस्टिनियनच्या काळचा जुना रोमन कायदा, डायजेस्ट, ज्यात लिहिलंय की न्यायाधीश न मिळाल्यामुळे ज्याचा हक्क बुडाला त्याला तो परत द्यावा. कित्येक शतकं पश्चिम युरोपात या पुस्तकाचा कोणी कोर्टात हवाला दिल्याचं सापडत नाही, तो इथे सापडतो, मठ केस जिंकतो. बोलोन्यात पुढे रोमन कायद्याची जी मोठी शाळा उभी राहिली तिचा पहिला गुरू इर्नेरियो याने मटिल्डाच्या सांगण्यावरून कायद्याची पुस्तकं पुन्हा नीट लावली, असं नंतरचा एक बखरकार सांगतो. खरं-खोटं असो, तिच्या आसपास कायदा जाणणारी माणसं भरपूर होती हे मात्र नक्की.

मग १०७६. फेब्रुवारीत कुबडा गॉडफ्री मारेकऱ्याच्या हातून मेला. मरताना लोरेनचा वारस म्हणून त्याने बायकोला बाजूला सारून भाच्याला नेमलं, तो भाचा म्हणजे पुढे पहिल्या क्रुसेडमध्ये जेरुसलेम जिंकणारा बुयॉंचा गॉडफ्री. एप्रिलमध्ये आई गेली. तिला पिसाला एका जुन्या रोमन दगडी शवपेटीत पुरलं, ती पेटी अजून तिथे बघायला मिळते. तिशीची मटिल्डा आता एकटी मालकीण.

मालकीण खरी, पण कुठल्या अधिकाराने? खाजगी जमिनीचं ठीक, ती मुलीला मिळत होती. पण टस्कनीच्या हुद्द्यावर राजाने तिला रीतसर नेमल्याचा काहीच पुरावा नाही. ती चालवत होती, लोक मानत होते, बास. तिची सही बघण्यासारखी आहे. एक क्रूस काढायचा आणि त्याच्या चार कोपऱ्यांत लॅटिनमध्ये तुकडे लिहायचे, अर्थ असा की "मटिल्डा, देवाच्या कृपेने, जर ती काही असेल तर". बरेचजण याला नम्रपणा म्हणतात. असेलही. मला त्यात थोडा खोचकपणाही दिसतो, हुद्दा राजाने दिलेला नाही, देवाने दिलाय, आता बोला.

अजून एक कायद्याची खुबी. त्या काळी इटलीत प्रत्येकाचा कायदा एक नव्हता, कागद करताना सांगायचं की मी अमुक कायद्याने चालतो. तिच्या वडिलांच्या घराण्याचा कायदा लोम्बार्ड, आणि त्यात बाईला कायम एक पुरुष पालक लागतो, त्याच्या संमतीशिवाय जमीन विकणं-देणं चालत नाही. मटिल्डा आपल्या कागदांत सांगते की मी सॅलिक कायद्याने चालते, म्हणजे आईच्या आणि नवऱ्याच्या बाजूचा फ्रँक लोकांचा कायदा. त्यामुळे पालकाची भानगड गेली. गंमत बघा, हाच सॅलिक कायदा दोन-तीनशे वर्षांनी फ्रान्समध्ये बायकांना गादीपासून लांब ठेवायला वापरला गेला, आणि इथे एक बाई त्याच्याच आधाराने स्वतःच्या सहीने एवढी मोठी इस्टेट चालवतेय.

कानोसाचा प्रसंग यानंतर एका वर्षाच्या आत घडला. ती पोप ग्रेगरी सातव्याची खंदी समर्थक, राजाची नातेवाईक, आणि किल्ला तिचा, म्हणून राजाने तिलाच मध्यस्थी करायला सांगितलं. कानोसाचा साधू दोनिझोने याने तिच्यावर लिहिलेल्या लांबलचक लॅटिन काव्याच्या हस्तलिखितात त्याचं चित्र आहे, राजा गुडघ्यावर, समोर मटिल्डा छताखाली आसनावर, बाजूला क्लूनीचा मठाधिपती, आणि चित्रात पोप नाहीच! त्या काव्यात कानोसाचा किल्ला स्वतः बोलतो, मांतुआ शहराशी भांडतो सुद्धा की बोनिफेसला पुरायचा मान तुला कसा काय मिळाला.

माफी फार टिकली नाही. १०८१ मध्ये हेन्री चौथा फौज घेऊन आला आणि लुक्कामध्ये मटिल्डाला राजद्रोही ठरवून तिचे सगळे हुद्दे नि जमिनी काढून घेतल्याचं जाहीर केलं. म्हणजे क्वार्टर खाली करायची ऑर्डर निघाली! पण राजाची खरी चाल वेगळी होती, त्याने शहरांना फोडलं. लुक्काच्या लोकांना सनद दिली की शहराच्या सहा मैलांच्या आत कोणी किल्ला बांधणार नाही, तटबंदी कोणी पाडणार नाही. पिसालाही अशाच सवलती. व्यापारी शहरांना हेच हवं होतं, त्यांना मटिल्डाही नको होती आणि राजाही लांबूनच बरा होता. टस्कनी जवळजवळ हातातून गेली, फ्लॉरेन्स तेवढं तिच्याबरोबर राहिलं, आणि ती डोंगरातल्या आपल्या किल्ल्यांत मागे सरकली, कानोसा, ब्यानेल्लो, कार्पिनेती. म्हणजे हुद्द्याची जमीन गेली पण घराण्याची जमीन राहिली, आणि नेमकी तीच लढायला कामाला आली. पोपला पैसे पाठवायला १०८२ मध्ये कानोसाच्या चर्चमधला खजिना वितळवला, ७०० पौंड चांदी आणि ९ पौंड सोनं निघालं अशी नोंद आहे. १०८४ मध्ये सोर्बाराला तिच्या माणसांनी राजाच्या बाजूच्या छावणीवर अचानक हल्ला करून मोठा विजय मिळवला.

आता इथून तिची ती चाल सुरू होते ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला. तिच्याकडे सैन्य मर्यादित, पैसा संपत आलेला, मूल नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना हवी होती, तिच्यानंतरची जमीन. आणि ती जमीन तिने अनेकांना अनेक वेळा देऊ केली!

१०८९ मध्ये पोप अर्बन दुसरा याच्या सल्ल्याने तिने दुसरं लग्न केलं. तिचं वय ४३ च्या आसपास, नवरा वेल्फ पाचवा, बव्हेरियाच्या ड्यूकचा मुलगा, वय सतरा-अठरा. यात प्रेमाबिमाचा काही विषय नव्हता, जर्मनीत हेन्रीविरुद्ध लढणारं घराणं आणि इटलीत लढणारं घराणं एकत्र आणायचं होतं. वेल्फच्या बापाला काय दिसत होतं? मूल न झालेली बायको आणि अवाढव्य इस्टेट. हेन्री १०९० मध्ये पुन्हा उतरला. मांतुआ हातात राहावं म्हणून नवरा-बायकोने तिथल्या लोकांना सामाईक जमिनींचे हक्क नि सवलती लिहून दिल्या, तरी वेढ्यानंतर १०९१ मध्ये शहराने दरवाजे राजाला उघडलेच. पण पुढच्या वर्षी राजा डोंगरात शिरला, मोंतेवेल्योला अडकला आणि कानोसाजवळ मार खाऊन परत गेला. १०९५ मध्ये मात्र लग्न मोडलं. नवऱ्याने जाहीर केलं की हे लग्न नावापुरतंच होतं. पण बऱ्याच इतिहासकारांचा अंदाज असा की खरं कारण जमीन, वेल्फ मंडळींना तेव्हा कळलं की ही इस्टेट आधीच पोपच्या नावे केलेली आहे, मग राहायचं कशाला? आणि बाप-लेक चक्क हेन्रीच्या बाजूला गेले. हे स्पष्टीकरण मला तरी पटतं, कारण सहा वर्षं नांदल्यावर अचानक ती तक्रार आठवायला दुसरं काही कारण दिसत नाही.

१०९९ मध्ये तिने एक मुलगा दत्तक घेतला, टस्कनीतल्या गुइदी घराण्यातला गुइदो ग्वेर्रा. कागदांत तो "काउंटेस मटिल्डाचा दत्तक पुत्र" म्हणून येतो. टस्कनीत परत पाय रोवायला तिथलं एक तगडं घराणं हवं होतं, आणि दत्तक म्हटल्यावर गुइदींना वाटणारच की आपला मुलगा वारस. थोडी वर्षं तो तिच्या कागदांत दिसतो आणि मग ११०८ नंतर दिसेनासा होतो. दत्तक रद्द वगैरे केल्याचं कुठे नाही, पण वारस म्हणून पुढे त्याचं नावही कुठे नाही.

मधे आला तो मुख्य कागद, ज्याच्यावरून शंभर वर्षं भांडण झालं. १७ नोव्हेंबर ११०२, जागा कानोसा, समोर पोपचा प्रतिनिधी कार्डिनल बेर्नार्दो. कागद म्हणतो की मी ग्रेगरी सातव्याच्या काळात रोमला पोपच्या लॅटरन महालातल्या चॅपेलमध्ये साक्षीदारांसमोर माझी सगळी मालमत्ता, तेव्हाची आणि पुढे मिळेल ती, आल्प्सच्या अलीकडची आणि पलीकडची, संत पीटरच्या, म्हणजे पोपच्या, चर्चला दिली होती आणि तसा कागदही केला होता. पण तो कागद आता कुठे सापडत नाहीये! म्हणून माझ्या दानाबद्दल शंका राहू नये यासाठी हा नवीन करते. म्हणजे पश्चिम युरोपातलं एवढं मोठं बक्षीसपत्र आणि त्याची ओरिजिनल कॉपी गहाळ, वीस-पंचवीस वर्षांत.

आणि देणं नुसतं सहीने होत नव्हतं. सॅलिक रिवाजाप्रमाणे तिने ताबा दिल्याची खूण म्हणून वस्तू हातात दिल्या, एक सुरी, गाठ मारलेली काडी, हातमोजा, मातीचं ढेकूळ आणि झाडाची फांदी. ढेकूळ आणि फांदी म्हणजे शेत नि जंगल, मोजा म्हणजे हक्क दुसऱ्याच्या हातात गेला. मग जमिनीवर ठेवलेला चामड्याचा कोरा कागद दौतीसकट उचलून लिहिणाऱ्याकडे दिला आणि मग मजकूर लिहिला गेला. त्या काळी साक्षीदारांतल्या कित्येकांना वाचता येत नसे, पण बाईने मातीचं ढेकूळ दिलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं, ती खरी नोंद.

आता प्रश्न. "सगळी मालमत्ता" म्हणजे कुठली? द्यायचा अधिकार तिला फक्त अ‍ॅलॉडवर, खाजगी जमिनीवर. हुद्द्याची जमीन राजाची, पट्ट्याची जमीन मठांची, ती दुसऱ्याला कशी देणार? कागदात याद्या नाहीत, गावांची नावं नाहीत, सीमा नाहीत. आणि दुसरी गोष्ट, हे लिहून दिल्यावरही ती पुढची तेरा वर्षं त्याच जमिनींतून आपल्या मर्जीने मठांना दानं देत राहिली. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की मालकी पोपची पण वापराचा हक्क हयातभर तिचा, असा तो व्यवहार असणार. काहींना तर ११०२ च्या कागदावरच शंका आहे की आज जो मजकूर मिळतो तो पुढे पोपच्या कचेरीत सुधारून घेतलेला आहे, कारण मूळ प्रत हातात नाही, नकलाच आहेत.

माझ्या मते ती नुसती भाबडी भक्त नव्हती आणि लबाडही नव्हती. पोपला दान ही तिची श्रद्धा होतीच, पण त्याचा एक रोकडा फायदा असा की राजाने कितीही ऑर्डर काढल्या तरी ही जमीन आता संत पीटरची, तिला हात लावणं म्हणजे चर्चच्या मालमत्तेला हात. हयातीत ताबा स्वतःचा आणि वर संरक्षण पोपचं. यादी न देणं हेही चुकून झालेलं नसावं. यादी दिली असती तर यादीबाहेरचं काय ते सगळ्यांना समजलं असतं, आणि संदिग्ध ठेवण्यातच तिचा फायदा होता.

आणि शेवटी राजालाही तिने नाराज केलं नाही! हेन्री चौथा ११०६ मध्ये गेला, मुलगा हेन्री पाचवा गादीवर आला. यानेही फेब्रुवारी ११११ मध्ये पोपला कैद करण्यापर्यंत मजल मारली, पण मटिल्डाशी गोडीत राहिला. मे ११११ मध्ये परत जाताना तो ब्यानेल्लोच्या किल्ल्यावर तिच्याकडे तीन दिवस राहिला. दोनिझोने लिहितो की राजा तिच्याशी भाषांतर करणाऱ्याशिवाय बोलला कारण तिला त्याची भाषा येत होती, तिला तो आई म्हणाला, आणि त्या भागात तिला आपली प्रतिनिधी नेमलं. तीस वर्षांपूर्वी बापाने काढून घेतलेला मान लेकाने परत दिला. त्या बदल्यात वारसाहक्काचं काही ठरलं का? लेखी काही नाही, पण पुढे जे झालं त्यावरून बहुतेकांना वाटतं की ठरलं असणार.

कारण १११५ मध्ये ती गेली आणि १११६ मध्ये हेन्री पाचवा बायकोला घेऊन इटलीत आला (बायकोचं नावही मटिल्डाच, इंग्लंडच्या राजाची मुलगी) आणि सगळी जमीन ताब्यात घेतली, हुद्द्याची तर घेतलीच पण खाजगीही. हुद्द्याची मी राजा म्हणून घेतो, खाजगी मी जवळचा नातेवाईक म्हणून घेतो. तेच ते दोन आज्यांचं नातं. मजा म्हणजे पोपने त्या वेळी फार आरडाओरडाही केला नाही. दोनिझोने बिचारा मटिल्डाला काव्य अर्पण करायच्या तयारीत होता, तोवर ती वारली, मग त्याने शेवटी नवीन मालकाच्या स्वागताच्या ओळी जोडल्या.

हेन्री पाचवा ११२५ मध्ये गेला, त्यालाही मूल नाही. आता पोपने कागद बाहेर काढला. ११३३ मध्ये जर्मन राजा लोथारला सम्राटाचा मुकुट हवा होता आणि पोप इनोसंट दुसऱ्याला लष्करी मदत हवी होती, म्हणून तोड अशी निघाली की मटिल्डाची अ‍ॅलॉड जमीन पोपची आहे हे सम्राटाने मानायचं, आणि पोपने ती सम्राटाला वापरायला द्यायची, वर्षाला १०० पौंड चांदीच्या बदल्यात. सम्राट पोपचा भाडेकरू झाला म्हणा की! रोममध्ये लॅटरन महालात याचं चित्र काढून खाली ओळी लिहिल्या की राजा पोपचा माणूस होतो आणि मुकुट घेतो. पुढचा एक सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याला हे कळलं तेव्हा तो भयंकर भडकला, पण त्याआधीच, ११५२ मध्ये, त्याने पोपला न विचारता आपल्या मामाला, वेल्फ सहाव्याला, ही जमीन देऊन टाकली होती, पदवीसकट, "काउंटेस मटिल्डाच्या सर्व घराचा स्वामी". म्हणजे ज्या वेल्फ घराण्यातला तरुण नवरा रिकाम्या हाताने परत गेला होता त्याच्या पुतण्याला ती पदवी मिळाली.

असं पुढे-मागे होत होत शेवटी १२१३ मध्ये जर्मनीचा राजा फ्रेडरिक दुसरा याने एगर इथे सनद देऊन टाकली, मटिल्डाची जमीन पोपची, मान्य. पोप जिंकला. फक्त तोपर्यंत जमीन जागेवर राहिली नव्हती. पोप आणि सम्राट एकमेकांना कागद दाखवत होते त्या काळात शहरांनी आजूबाजूचा मुलुख गिळायला सुरुवात केली होती, फ्लॉरेन्सने ११२५ मध्येच शेजारचं फिएसोले उद्ध्वस्त केलं, लुक्का, पिसा, मांतुआ, मोदेना, रेज्जो सगळीकडे शहरवासीयांचे निवडलेले कॉन्सल कारभार बघायला लागले. तिच्या किल्ल्यांवर बसलेले छोटे सरदार स्वतःच मालक होऊन बसले. मठांनी आपापल्या पट्ट्याच्या जमिनी गुपचूप परत ओढल्या. मार्तुरीच्या खटल्यातला तो चाळीस वर्षांच्या ताब्याचा मुद्दा इथे लावला असता तर बहुतेक सगळेच मालक ठरले असते.

पोलिरोनेचा मठ मात्र फायद्यात राहिला. आजोबांनी काढलेल्या या मठाला तिने आयुष्यभर जमिनी दिल्या, गावांची नावं नि हद्दी लिहून, आणि स्वतःला पुरायलाही तीच जागा निवडली. पाचशेहून जास्त वर्षांनी, १६३० च्या दशकात, पोप अर्बन आठव्याने मठाधिपतीशी व्यवहार करून तिचे अवशेषही रोमला हलवले आणि सेंट पीटर्समध्ये बेर्निनीकडून थडगं बांधून घेतलं, त्यावर तिच्या एका हातात पोपचा मुकुट नि किल्ली आहे आणि खाली दगडात हेन्री चौथा गुडघ्यावर बसलाय.